रविवारच्या माळा

अनसूयाबाईंच्या अंगणात शिरायला कुणालाच परवानगी लागत नसे, आणि खरं दुखणं तेच होतं. नाशिक रोडला नोटा छापणाऱ्या प्रेसच्या वसाहतीमागे त्यांचं बैठं घर. पुढे दोन खोल्यांएवढं अंगण, आणि त्यात वीतभर जागा मोकळी सापडेल तर शपथ. फाटकाशी अडुळसा, त्याला खेटून निर्गुडी, भिंतीवर चढलेली गुळवेल, नळापाशी गवती चहा, फुटक्या कुंड्यांतून कोरफड आणि पानओवा. खोकला आला की लोक अडुळशाला येत, गुडघा धरला की निर्गुडीला, पोराचं पोट दुखलं की ओव्याला. साखर वाढलेले दोन पेन्शनर सकाळी फिरून येताना सदाफुलीची फुलं तोडत आणि चावत चावत पुढे जात. अहो, ती चावायची वस्तू नव्हे, डॉक्टरांना तरी विचारा, असं अनसूयाबाई त्यांना दहा वर्षं सांगत होत्या. ते मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होत. जास्वंदीला गणपतीचं निमित्त पुरे होई. आणि एवढं सगळं ओरबाडून नेणाऱ्यांपैकी एकानेही कधी तांब्याभर पाणी झाडांना घातल्याचं अनसूयाबाईंना आठवत नव्हतं.

पण पानाफुलांचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. त्यांचा जीव खाल्ला होता तो रविवारांनी.

रविवारी त्या काविळीची माळ बांधत. सासरच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. सासूबाईंनी एका ग्रहणात त्यांना हौदाच्या पाण्यात उभं केलं, हातात दोरा दिला आणि शिकवली. त्या वेळी अनसूयाबाई एकतीस वर्षांच्या होत्या, आता त्रेसष्ट वर्षांच्या. शिकवताना सासूबाईंनी तीन दंडक घालून दिले होते. पैसा घ्यायचा नाही. आलेल्याला नाही म्हणायचं नाही. शेवटची माळ बांधून होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पहिला दंडक पाळणं सगळ्यात सोपं होतं. तिसऱ्याने त्यांना पित्त दिलं, आणि दुसऱ्याने आयुष्यातले सगळे रविवार नेले. भावाच्या मुलीचं लग्न सटाण्याला रविवारी होतं, तिथेही त्या संध्याकाळी, पंगती उठल्यावर पोचल्या होत्या.

माळ दिसायला अगदी साधी. घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला कुठेही पसरते, बारीक गुलाबी फुलांची. तिचे ओले देठ आणि मुळं नाना, म्हणजे अनसूयाबाईंचे यजमान, शनिवारी संध्याकाळी आणत आणि पेराएवढे तुकडे करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. सकाळी रोगी पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसे आणि अनसूयाबाई त्याच्या मागे. मागूनच दोऱ्याने डोक्याचं माप घ्यायचं, एकेक तुकडा सरकगाठीत धरत माळ गुंफायची आणि मुकुटासारखी डोक्यावर बसवायची. दोन दिवसांनी ती सैल होऊन कानांवर येई, मग गळ्यात उतरे, मग छातीवर. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. तोवर तेल, तिखट, हळद बंद, आणि अंथरूण सोडायचं नाही. शेवटी माळ नेऊन वालदेवी नदीच्या पाण्यात सोडायची.

आता यातली मेख अनसूयाबाईंना वीसेक वर्षांपूर्वीच कळली होती. एका गृहस्थाची माळ बांधून ठेवली आणि तो आलाच नाही. माळ कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली होती, ती चार दिवसांत चांगली हातभर झाली. ओला देठ सुकून बारीक होतो, गाठीतला दोरा मोकळा सुटतो आणि माळ वाढते. खिळ्याला कुठली आलीय कावीळ! त्या धावत सासूबाईंकडे गेल्या. सासूबाई तेव्हा अंथरुणाला लागल्या होत्या. त्यांनी माळेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. खिळ्यावर आहे ती खिळ्यावरच राहू दे, तोंडात आणू नकोस."

मग अनसूयाबाईंनी ती तोंडात आणली नाही. त्याला कारणही तसंच होतं. प्रेसमधली माणसं ओव्हरटाइमपायी ताप अंगावर काढत, डॉक्टरने सक्त विश्रांती सांगितली तर हसत. पण गळ्यात माळ पडली की तीच माणसं तीन-तीन आठवडे पडून राहत, मुकाट मऊ भात आणि ताक खात. बहुतेकांची कावीळ एवढ्याने जातेच. उरलेल्यांसाठी अनसूयाबाईंनी आपली एक रीत ठेवली होती. पाटावर बसवण्याआधी त्या प्रत्येकाला उजेडाकडे वळवून डोळे बघत, नखं बघत, लघवीचा रंग विचारत, चार प्रश्न करत. कुणी जास्त वाटला तर माळ बांधत आणि कानात सांगत, "आजच्या आज रक्त तपासून घे, नाहीतर माळ लागू पडायची नाही." अशी किती माणसं त्यांनी दवाखान्यात धाडली असतील, त्याचं श्रेय मात्र माळेला गेलं.

हे ओझं कुणाच्या तरी हातात द्यावं असं त्यांना फार वाटे. लेक यशश्री पुण्याला होती, तिने सरळ हात जोडले. "आई, मला ते शिकवूच नकोस. शिकले की करावं लागेल." पोरगी हुशार, त्यात काय चूक बोलली?

त्या वर्षी श्रावणात मागच्या नव्या इमारतींकडे कुठेतरी पाण्याचा पाइप फुटला आणि गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात गेलं. काविळीची साथ आली. एरवी रविवारी सहा-सात माणसं येत, त्या रविवारी फाटकाबाहेर पन्नास उभी होती. अनसूयाबाईंना आदल्या दिवसापासून कणकण होती. बोटांचे सांधे सुजलेले, पोटात पित्त उसळलेलं. नाना म्हणाले, "अगं, आज दहा कर आणि बाकीच्यांना बुधवारी बोलव. काही आभाळ कोसळत नाही."

"अहो, दारात आलेल्याला परत कसं पाठवू?"

"तू काय सरकारी दवाखाना आहेस का? पाठव की."

त्यांनी पाठवलं नाही. पहिल्या पंधराएक जणांना त्यांनी रीतसर उजेडाकडे वळवलं. मग ऊन चढलं, रांगेत कुरबुर सुरू झाली, आणि त्यांनी ते वळवणं सोडून दिलं. माणूस येई, पाठमोरा बसे, त्या माप घेत, बांधत, पुढचा. दुपारी एकपर्यंत त्यांच्यासमोरून नुसती डोकी गेली. कुणाच्या डोक्यात खोबरेल होतं, कुणाला टक्कल, बस्स. सगळं आटोपल्यावर एक माळ जास्तीची निघाली, रांगेत कंटाळून गेलेल्या कुणाची तरी. ती नानांनी खिळ्याला अडकवली. अनसूयाबाई न जेवताच झोपल्या.

बुधवारी सकाळी सुमनबाई आल्या. त्या मूळच्या सटाण्याकडच्या, मुलाच्या संसारासाठी वर्षभरापूर्वी नव्या इमारतीत राहायला आलेल्या. मुलगा श्रेयस पुण्यात नोकरीला होता आणि शनिवारी घरी येई. हातात नारळ, तोंडभर हसू.

"ताई, चार दिवसांत माळ गळ्यात आली हो सुनेच्या! लय गुण तुमच्या हाताला."

"सून बरी आहे ना?"

"बरी म्हणजे झोपूनच असते. हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलते. काल मला ओळखलंच नाय. पण माळ उतरली ना, आता काय काळजी?" सुमनबाई नारळ ओट्यावर ठेवत म्हणाल्या. "दोन जिवांची आहे बिचारी, सातवा लागलाय. थकवा तर येणारच."

अनसूयाबाईंच्या हातातली झारी खाली पडली. बत्तीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट कधी केली नव्हती. पोटुशी बाई आली की तिला पाटावरही बसू देत नसत, थेट रिक्षात घालत. गरोदरपणातली कावीळ बाईला कशी नेते ते त्यांनी स्वतःच्या नणंदेत पाहिलं होतं. आणि इथे त्यांनी स्वतःच्या हाताने, मागे बसून, एका सात महिन्यांच्या गरोदर पोरीच्या डोक्यावर माळ चढवली होती. तिला पुढून पाहिलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं.

चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही. तशाच त्या सुमनबाईंबरोबर निघाल्या.

सून हर्षाली खिडकीजवळच्या कॉटवर होती. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा, ओठ सुकलेले, हिरड्यांतून रक्त येऊन उशीला डाग पडलेला. अनसूयाबाईंनी नाव विचारलं, तर ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बस गेली का?" गळ्यात घेटुळीची माळ होती.

"सुमनबाई, हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

"असं कसं? सोमवारी तपासणीची तारीख हाय तिची. तोवर माळ छातीवर येईल. दवाखान्यात गेलं की सुई लावतात आणि माळ कापून टाकतात. मग कावीळ उलटी चढते. आमच्या चुलतदिराचं तसंच झालं."

"माळेने काही होत नाही हो!" अनसूयाबाईंच्या तोंडून शेवटी ते बाहेर पडलं. वीस वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य, आणि ते उच्चारताना त्यांना जरासुद्धा हलकं वाटलं नाही. "देठ सुकतो म्हणून माळ वाढते. कावीळ असो नसो, ती वाढतेच. माझ्या घरी खिळ्याला टांगलेली आहे, तीही वाढलीय. दाखवते तुम्हाला."

त्या खरंच घरी धावल्या. नाना काय झालं, काय झालं करत मागे आले. खिळ्यावरची माळ काढून त्या पुन्हा जिना चढल्या, तेव्हा छातीचा भाता झाला होता. त्यांनी ती माळ सुमनबाईंसमोर धरली. रविवारी डोक्याएवढी होती, आज ती कुणाच्याही गळ्यात सैल पडली असती.

सुमनबाईंनी माळ हातात घेतली, निरखली आणि कपाळाला लावली.

"बघा! भिंतीवर टांगली तरी उतरली. तुमना हातमा गुण शे, ताई, नाहीतर खिळ्याला कोण विचारतं?"

अनसूयाबाई मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि हसूही. खरं सांगून झालं होतं, पुरावा दाखवून झाला होता, आणि बाईची भक्ती मात्र तोळाभर वाढली होती. नानांनी श्रेयसला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. दबक्या आवाजात म्हणाला, "आई म्हणेल तसं करा, मी शनिवारी येतोच आहे." शनिवार! पोरीच्या अंगात शनिवारपर्यंतचा श्वास होता की नव्हता, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

कॉटवरून हर्षाली काहीतरी पुटपुटली. अनसूयाबाई उठल्या. आपल्या सासूबाई रोग्यांशी ज्या आवाजात बोलत, तो आवाज त्यांनी काढला. आजवर कधी काढला नव्हता, पण निघाला.

"सुमनबाई, इकडे बघा. मी तुमच्यापासून एक लपवलं. दोन जिवांच्या बाईला माळ बांधायची नाही, हा आमच्या घरचा दंडक आहे. मी मोडला. का मोडला ते विचारू नका. माळ कावीळ खाली उतरवते, बरोबर? डोक्यातून गळ्यात, गळ्यातून छातीवर. आणि छातीच्या खाली हिच्या काय आहे?"

सुमनबाईंची नजर सुनेच्या पोटावर गेली. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं.

"ती कावीळ बाळावर चाललीय. मी बांधली, मीच तोडणार. पण तुटल्यावर तासाच्या आत हिला दवाखान्याची पायरी चढवायला हवी, नाहीतर दोघं जातील."

"तोडा," सुमनबाई म्हणाल्या. "तोडा हो, लवकर तोडा."

अनसूयाबाईंनी कात्रीची वाट पाहिली नाही. दाताने दोरा तोडला. नानांनी तोवर खालून रिक्षा आणली होती. तिघांनी मिळून पोरीला उतरवलं आणि पाऊण तासात ती दवाखान्यात होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा डोळे बघितले, एकदा पोट बघितलं आणि विचारलं, "चार दिवस कुठे होतात?" सुमनबाईंनी अनसूयाबाईंकडे बोट केलं.

हर्षाली वाचली. एकोणीस दिवस काचेच्या दारापलीकडे होती, पण वाचली. मुलगी झाली, सव्वा किलोची. ती दोन दिवस जगली.

पुढचं अनसूयाबाईंनी गृहीतच धरलं होतं. सुमनबाई बोलल्या. जिन्यात बोलल्या, गिरणीत बोलल्या, भाजीवाल्याच्या गाडीपाशी बोलल्या. माळेने कावीळ आईतून काढली आणि बाळावर घातली, बाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, विचारा हवं तर. खोटं म्हणायची सोय नव्हती. शब्द अनसूयाबाईंचेच होते, अगदी क्रमसुद्धा त्यांचाच. आणि खरं सांगायचं तर तेही त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी चार माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी एक म्हातारा आला, त्याला बहुतेक ऐकू कमी येत असावं. मग कुणी आलं नाही. इतकंच काय, पेन्शनरांनी सदाफुली सोडली आणि अडुळशाला पहिल्यांदाच शेंड्यापर्यंत पानं राहिली. नाना म्हणाले, "चला, सुटलीस." अनसूयाबाईंनाही तसंच वाटायला हवं होतं. रविवारी सकाळी चहा घेता येऊ लागला, आलं आणि गवती चहा घालून. तो त्यांना कडू लागे. दिवसभर अंग दुखे. बत्तीस वर्षांचा शीण एकदम अंगात उतरावा तसं झालं होतं, आणि झोप मात्र येत नव्हती. डोळे मिटले की पाठमोरी डोकी दिसत. त्यांतलं तिचं कुठलं, हे त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. तेलाचं होतं की कोरडं, वेणी होती की अंबाडा, काहीच नाही.

दसरा झाल्यावर एका रविवारी हर्षाली आली. एकटीच. आजारापूर्वीची आठवण असण्याचं कारण नव्हतं, तरी ती निम्मी झालीय हे अनसूयाबाईंना दिसलं. ड्रेस अंगावर लोंबत होता. डोळे पांढरे होते. ती फाटकाशी उभी राहिली. आत येऊ का, असं तिने विचारलं. त्या अंगणात हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ये गं. बैस."

ती ओट्यावर बसली. अनसूयाबाईंनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी महिनाभर मनात घोळवलं होतं, आता त्यातलं काही सापडेना.

"आईंना सांगून नाही आले," हर्षाली म्हणाली. "त्या काहीबाही बोलतात तुमच्याबद्दल. बाळावर कावीळ घातली वगैरे. ते खोटं आहे, ते मला माहितेय. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तुम्ही तसं बोलला नसता, तर आईंनी मला नेलंच नसतं. नाना काकांनी नंतर श्रेयसना फोनवर सांगितलं सगळं."

"पण चार दिवस गेले गं माझ्यामुळे," अनसूयाबाई म्हणाल्या. "मी तुला वळवून बघितलं असतं, तर रविवारीच नेलं असतं तुला. मी बघितलं नाही. मला माफ कर असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू?"

हर्षालीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी विचारलं होतं, काकू."

"काय?"

"पाटावर बसल्यावर. मी म्हटलं, मला सातवा महिना आहे, मला चालेल ना? तुम्ही म्हणालात, मान सरळ ठेव."

अनसूयाबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. पोरीचा आवाज, शब्द, काहीतरी. काहीच आलं नाही. एवढंच कळलं, की त्या दिवशी त्यांनी ते वाक्य पन्नास जणांना म्हटलं होतं.

"मला ऐकूच आलं नसेल गं," त्या म्हणाल्या. "पुन्हा का नाही विचारलंस? ओरडून विचारायचंस, मला हलवायचंस."

"विचारणार होते," हर्षाली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पण तुमचे हात थरथरत होते, माझ्या डोक्यावर कळत होतं. वाटलं, सकाळपासून उपाशी बसल्यात, किती दमल्यात, अजून कशाला त्रास द्यायचा."